पाऊण वीट

दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत एकदा आडवं पडलं की माणसाचा सगळा रुबाब संपतो. तोंडाचा आ, गालात कापसाचे बोळे, ओठाला लटकवलेली लाळ ओढायची नळी, आणि अशा अवस्थेत डॉक्टर विचारणार, "मग, काय म्हणतंय काम?" आता यावर उत्तर काय देणार, कपाळ! फोटोग्राफर ओळंबा त्या सकाळी असाच पडला होता. डावा गाल इंजेक्शननं बधिर झालेला, ओठ आपला आहे की शेजाऱ्याचा तेही कळत नव्हतं. डॉक्टर हातमोजे चढवता चढवता समोरच्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "ते कॅलेंडर बघितलंत का? तुमचाच फोटो. वर्ष उलटून गेलं तरी मी काढलं नाही. पेशंटना सांगतो, दात कसे पाहिजेत? तर असे, त्या इमारतीसारखे." ओळंबा हसला असता, पण हसायला लागणारा अर्धा चेहरा जागेवर नव्हता. त्यानं नुसते डोळे फिरवले. कॅलेंडरच्या बाजूला खिडकीच्या पडद्याची दोरी लोंबत होती, टोकाला प्लास्टिकचा मणी असलेली. दोरी आणि फोटोतल्या इमारतीची कड, दोन्ही अगदी समांतर. वा, असं मनाशी म्हणून त्याची नजर खाली उतरली, फोटोतल्या दाराच्या कमानीत गेली. कमानीत साखळीला टांगलेला काचेचा दिवा होता. आणि ती साखळी पडद्याच्या दोरीला समांतर नव्हती.

त्यानं एक डोळा मिटला. मग दुसरा मिटून पाहिला. साखळीचं खालचं टोक उजवीकडे गेलेलं होतं, किंचित, दुसऱ्या कुणाच्या बापाला दिसलं नसतं इतकं. एकोणीस वर्षं हा फोटो लोकांच्या भिंतींवर होता, बँकेत होता, दोन पुस्तकांत होता, आणि त्याच्या स्वतःच्या घरात जेवायच्या टेबलासमोर होता. एकोणीस वर्षं त्यानं कड पाहिली, खिडक्यांच्या ओळी पाहिल्या, दिव्याकडे म्हणून पाहिलं नाही. टांगलेलं वजन तिरकं लोंबत नाही. वाऱ्यानं हललं तर गोष्ट वेगळी, पण वारा असता तर दिवा फोटोत पुसट आला असता, आणि इथे काचेवरची नक्षीसुद्धा मोजता येत होती. म्हणजे साखळी सरळच होती. मग तिरकं काय होतं? तो खुर्चीत एकदम ताठ झाला. "दुखलं का?" डॉक्टरांनी विचारलं. तो अंहं म्हणाला. खरं तर दातात काहीच कळत नव्हतं, आणि जिथे कळत होतं तिथे डॉक्टरांचा हात पोचण्यासारखा नव्हता.

ओळंबा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, हे सांगायला नको. भिंत सरळ उठतेय का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. हे नाव त्याला या फोटोनंच मिळवून दिलं होतं. उंच इमारत समोरून फोटोत मावत नाही, म्हणून लोक कॅमेऱ्याचं तोंड वर करतात, आणि मग बिचारी इमारत पाठीवर पडायला आल्यासारखी दिसते, वर निमुळती होत जाते. ओळंब्याकडची लेन्स निराळी. कॅमेरा जमिनीशी सपाट ठेवायचा, मान ताठ, आणि लेन्सच तेवढी बाजूचा स्क्रू फिरवून वर सरकवायची. कॅमेरा वाकत नाही आणि तरी छप्पर चौकटीत येतं. शिफ्ट लेन्स म्हणतात तिला. तिचीच बहीण टिल्ट, ती लेन्सचं तोंड थोडं कलतं करते. प्रवासाच्या मासिकांना मध्यंतरी तिचंच वेड लागलं होतं. उंच टेकडीवरून फोटो काढायचा, मधला पट्टा तेवढा स्पष्ट, वरखाली सगळं धूसर, की आख्खं शहर खेळण्यातलं दिसतं, मोटारी काड्यापेटीएवढ्या. ओळंब्यानंही दोन वर्षं देशोदेशी हिंडून ते केलं. ते फोटो बघून ताई म्हणाली होती, "माणसं एवढीएवढीशी करायला इतक्या लांब कशाला जायचं रे? आमच्या गच्चीवरून पण दिसतात तशी." त्यानंतर त्याचं त्या कामातलं मनच उडालं. तो पुन्हा इमारतींकडे वळला, उभ्या रेषांकडे, आणि त्या बाबतीत त्यानं नाकावर माशी बसू दिली नाही. तरुण पोरं कॉम्प्युटरवर फोटो ओढून सरळ करतात म्हटल्यावर तो तोंड वाकडं करी. म्हणे, "माझ्याकडे सरळ करावं लागत नाही. असतंच."

हेच वाक्य त्यानं महिन्याभरापूर्वी इंजिनिअरबाईंना ऐकवलं होतं, आणि तेच आता त्या खुर्चीत त्याच्या छातीवर येऊन बसलं. बाई नगरपालिकेच्या, वयानं तिशीच्या, बोलायला मोजक्या. त्या त्याच्या घरी आल्या होत्या त्या याच इमारतीसाठी, आणि ती इमारत म्हणजे ताईचं घर. चार मजले, लाल विटा, बावीस बिऱ्हाडं, तिसऱ्या मजल्यावर रस्त्याच्या अंगाला त्याची थोरली बहीण आणि तिचं शिवणाचं मशीन. आईवडील लागोपाठ गेले तेव्हा ताई वीस वर्षांची होती आणि हा सात. त्याच खोल्यांत, त्याच मशीनवर तिनं त्याला वाढवलं, स्वतःचं लग्न बिग्न सगळं राहूनच गेलं. तर बाईंनी मापं घेतली होती. इमारत उजवीकडे कलली होती, छपरापाशी चोवीस सेंटिमीटर. "कललेली असणं वेगळं," बाई म्हणाल्या, "आणि कलत असणं वेगळं. जुनं माप कुठंच नाही. म्हणून तुमच्याकडे आले. फोटोत तर ती अगदी सरळ दिसते. तुम्ही नंतर काही करून सरळ केलेली नाही ना?" झालं! ओळंब्याच्या वर्मावरच बोट. त्यानं ताठ मानेनं सांगितलं की कॅमेरा सपाट होता, फोटोत दिसतं तेच तिथं होतं, आणि हवं तर लिहून देतो. आणि दिलं लिहून, सहीनिशी, तारखेसह. बाई कागद घडी करून गेल्या. आठ दिवसांनी इमारतीच्या दारावर नोटीस लागली. एकोणीस वर्षांपूर्वी सरळ होती, आज चोवीस सेंटिमीटर कललेली आहे, म्हणजे दरवर्षी सव्वा सेंटिमीटर, म्हणजे धोका. महिनाभरात घरं रिकामी करावीत, हरकत असल्यास अमुक तारखेला दुपारी तीन वाजता जागेवरच सुनावणी. ती तारीख आजची होती.

ताईनं नोटीस वाचली, खालचा आधार वाचला, आणि फोनवर एवढंच विचारलं, "तू लिहून दिलंस?" तो म्हणाला, "अगं ताई, तुझ्याच भल्याचं आहे. माझ्याकडे ये राहायला. लिफ्ट आहे, ऊन येतं, अख्खी खोली तुला." ती म्हणाली, "तुझ्या घरात रिळ पडलं तर पडल्या जागी राहतं. त्या घराला काही ओढच नाही." आणि फोन ठेवला. त्याच्याशी गेले तीन आठवडे ती बोललेली नव्हती. ज्या बहिणीनं सातव्या वर्षापासून त्याच्या शर्टाची बटणं लावली, ती. त्यानं दोनदा जाऊन बघितलं. ती मशीन चालवत राहिली, दोन्ही वेळा. तो आपला खुर्चीवर बसून राहिला आणि मग आपण होऊन उठला. मनातून मात्र स्वतःला बजावत राहिला की खरं ते सांगितलं, आपण काय वाईट केलं.

आणि आता तिचं ते रिळ त्याला आठवलं. ताईच्या घरात काहीही पडलं, रिळ, पेन्सिल, गोळी, चेंडू, की ते गडगडत खिडकीच्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात जायचं. लहानपणी त्याचा सगळा संसार त्या कोपऱ्यात सापडायचा. "आपल्या घरात हरवलेलं हरवत नाही," ताई मशीनवरून मान न उचलता म्हणायची, "जा, कोपऱ्यात बघ." पलंगाच्या एका बाजूच्या दोन्ही पायांखाली घडी घातलेला पुठ्ठा असायचा, आणि ताटात आमटी वाढली की ती एका बाजूला थांबायची. हे सगळं होतं तेव्हा तो सात वर्षांचा होता, नऊ वर्षांचा होता. चाळीस वर्षं झाली त्याला. फोटो एकोणीस वर्षांपूर्वीचा. अरे देवा, हे आपल्याला माहीत होतं, आपल्या पायांना माहीत होतं, आणि आपण लिहून काय दिलं! डॉक्टर म्हणाले, "झालं, चूळ भरा." चूळ भरताना अर्धं पाणी हनुवटीवरून खाली आलं. त्यानं रुमालानं पुसलं, फी देऊन जवळजवळ पळतच बाहेर पडला. डॉक्टर मागून ओरडले की चार-पाच तास काही गरम पिऊ नका, ओठ भाजला तरी कळायचं नाही.

रस्त्यावर सगळं उभं होतं. विजेचे खांब, दुकानांची शटरं, बसथांब्याचे गज. एरवी तो हे सगळं नकळत मापत चालायचा, मनातल्या मनात शेरे मारायचा. आज एकेका खांबाकडे बघून त्याला वाटत होतं, तू तरी सरळ आहेस का बाबा? की मीच कललोय? बधिर गालामुळे डोकंही एका बाजूला जड झाल्यासारखं वाटत होतं. घरी पोचला तेव्हा साडेअकरा झाले होते. निगेटिव्हचे पत्र्याचे डबे त्यानं वर्षांप्रमाणे लावून ठेवले होते, त्यामुळे डबा लगेच सापडला. पाकिटातून फिल्मची पट्टी काढून त्यानं दिव्याच्या काचेवर ठेवली आणि भिंग डोळ्याला लावलं. कॅलेंडरवर छापला होता तो फोटो कापलेला. मूळ चौकटीत डावीकडे अजून एक खिडकी होती, तिसऱ्या मजल्यावरची, ताईची. आणि खिडकीखालच्या लोखंडी आकड्यापासून थेट खाली, माणसाच्या कमरेच्या उंचीपर्यंत, विटांच्या भिंतीवरून एक बारीक रेघ उतरत होती. रेघेच्या टोकाला टोपली होती. तो भिंग धरून बघतच राहिला. ती टोपली तो पार विसरून गेला होता.

त्या दिवशीची सकाळ त्याच्या अंगावर आली. नवीकोरी लेन्स, पहिलीच, दोन वर्षं लग्नांचे फोटो काढून घेतलेली. पहिला फोटो कुणाचा काढायचा हा प्रश्नच नव्हता. समोरच्या फुटपाथवर पत्रपेटीला खेटून त्यानं कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं केलं, डोक्यावर काळं कापड घेतलं. आणि ताईनं वरून हाक मारली, "अरे, चहा पाठवतेय, आधी घे!" त्या इमारतीत जिने चढणं कुणालाच आवडत नसे, भाजी, पत्रं, किल्ल्या, सगळं टोपलीतून वरखाली व्हायचं. "आत्ता नको गं, रेषेत येतेय टोपली!" तो चिडून ओरडला. "चहा रेषेत येत नाही वाटतं कधी?" ताई म्हणाली, आणि टोपली तशीच ठेवून आत गेली. चहा थर्मासात होता म्हणून बरं. त्यानं रागारागानं ठरवलं की नंतर कापून टाकू, आणि कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर आखलेल्या जाळीत डोळा घातला. इथं ती गोष्ट घडली. जाळीच्या उभ्या रेघेला इमारतीची कड जुळेना. कॅमेऱ्यावरचा पाणसळ, तो पाण्यातला बुडबुडा, अगदी मधोमध होता, म्हणजे कॅमेरा सपाट होता. तरी कड जुळेना. त्यानं बुडबुड्यावर टिचकी मारली. पुन्हा पाहिलं. मग तिकाटण्याचा स्क्रू सैल करून कॅमेरा किंचित, अगदी किंचित वळवला, कड जाळीला चपखल बसली, आणि बुडबुडा एका बाजूला पळाला. ओळंब्याला आता तो विचार जसाच्या तसा आठवला, त्याचे शब्दसुद्धा: पाणसळ बिघडलेला दिसतोय. ताईचं घर वाकडं कसं असेल? संध्याकाळी त्यानं तो पाणसळ कचऱ्यात टाकला आणि नवा आणला. खरं सांगणारी एकच वस्तू होती तिथं, आणि तो तिलाच फेकून आला होता.

आता भिंगाखाली सगळं स्वच्छ होतं. आकडा जिथे भिंतीत गेला होता तिथून विटांचा उभा सांधा त्यानं खाली खाली आणला, ओळीमागून ओळ मोजत. लेन्सनं काम चोख केलं होतं. विटा वरपासून खालपर्यंत एकाच मापाच्या, कुठे निमुळत्या नाहीत की फाकलेल्या नाहीत, त्यामुळे सांधा मोजणं पोरखेळ होतं. वर दोरी बरोबर सांध्यावर होती. खाली टोपलीपाशी ती सांध्याच्या उजवीकडे सरकलेली होती, आणि तिच्यामागे कोपरा उडालेली एक वीट होती. किती सरकली? अर्ध्या विटेहून जास्त, पूर्ण विटेहून कमी. पाऊण वीट. तो खुर्चीत मागे टेकला. आज जर त्याच आकड्यावरून तीच दोरी सोडली आणि ती पाऊण विटेवरच आली, तर इमारत एकोणीस वर्षांत हललेली नाही. आणि जास्त सरकली असेल तर बाईंचंच खरं, मग ताईला उचलून न्यावं लागेल. त्यानं आणखी एक गोष्ट पाहिली, खोटं कशाला बोला. समोर भिंतीवर तोच फोटो होता, चौकटीत, त्याचं नाव, त्याचा सगळा लौकिक. काही बोललो नाही तर? एकोणीस वर्षांत कुणाला साखळी दिसली नाही, पुढेही दिसणार नाही. पुढच्या महिन्यात त्याचं फोटोंचं मोठं पुस्तक येत होतं, मुखपृष्ठावर हीच इमारत. हा विचार आला, चांगला दोन मिनिटं बसला, आणि बधिर ओठावरून ओघळलेली लाळ त्यानं पुसली तेव्हा त्याला स्वतःची शिसारी आली. तो उठला आणि फोटो मोठ्या कागदावर छापायला लावला, अख्खा, टोपलीसकट.

तीनला दहा कमी असताना तो कॅमेऱ्याची पेटी आणि तिकाटणं खांद्यावर, कागदाची गुंडाळी काखेत, असा इमारतीपाशी पोचला. जिन्याखालच्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या, बावीस बिऱ्हाडांतली माणसं दाटीनं उभी होती, आणि टेबलामागे नगरपालिकेचे साहेब, शेजारी इंजिनिअरबाई. ओळंबा आत शिरला तसं बोलणं थांबलं. एक म्हातारे गृहस्थ दुसऱ्याला म्हणाले, ऐकू जाईल इतपत हळू, "आला, घरचा भेदी." ताई पायरीवर बसली होती, गळ्यात शिवणाची टेप, जणू कामातून उठून दोन मिनिटं आली होती. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. साहेबांनी नोटीस वाचली, हरकती विचारल्या. कुणी म्हणालं आजारी माणूस आहे, कुणी म्हणालं मुलांची परीक्षा आहे. साहेब प्रत्येकाला मान डोलावत होते आणि काहीच लिहून घेत नव्हते. ओळंब्यानं हात वर केला. त्याला वाटलं होतं आवाज फुटणार नाही, पण फुटला, फक्त डावीकडून बोबडा. "साहेब, हा फोटो वाकडा आहे. मी काढलाय. मी लिहून दिलं ते चुकीचं आहे."

एकदम गलका झाला. साहेबांनी टेबलावर हात आपटला. "अहो, तुम्हीच सही करून दिलंत ना? कॅमेरा सपाट होता म्हणून?" "दिलं. सपाट नव्हता. मी तो इमारतीच्या कडेला जुळवला. म्हणजे इमारत कलली होती तसाच कॅमेराही कलता केला, आणि फोटोत इमारत सरळ दिसली. हे काम शिकणारा पोरगासुद्धा करणार नाही असली चूक आहे. मी केली. तेव्हाच्या पाणसळानं मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." बोलताना लाळ ओघळली, त्यानं बाहीनंच पुसली. लाज वाटायची वेळ निघून गेली होती. इंजिनिअरबाई त्याच्याकडे शांतपणे बघत होत्या. मग म्हणाल्या, "माफ करा, पण एक विचारते. तुमची बहीण इथं राहते. महिन्यापूर्वी तुम्ही छातीठोक सांगत होता. आज सुनावणीच्या दिवशी तुम्हाला आठवलं. मी यावर बावीस घरं टांगून ठेवू?" प्रश्न अगदी बरोबर होता, आणि ओळंब्याला त्या क्षणी बाई फार आवडल्या. "नका ठेवू," तो म्हणाला. "माझ्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. दोरीवर ठेवा." त्यानं टेबलावर कागद पसरला, दोरी दाखवली, सांधा दाखवला, कोपरा उडालेली वीट दाखवली. मग पायरीकडे वळून म्हणाला, "ताई, टोपली सोडतेस का?"

ताईनं बसल्या जागी त्याच्याकडे बघितलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. तिच्या कपाळावर आठी होती, लहानपणी तो खोटं बोलतोय की काय हे बघताना पडायची तीच. मग ती गुडघ्यावर हात देऊन उठली. "रिकामी सोडू की काही घालू?" तिनं विचारलं. "जड काहीतरी घाल." ती जिना चढून गेली, तिसरा मजला, हळूहळू, आणि सगळी सभा उठून रस्त्यावर आली. ओळंब्यानं समोरच्या फुटपाथवर पत्रपेटीला खेटून तिकाटणं उभं केलं. लेन्स तीच, वापरून कडा पांढऱ्या झालेली. या खेपेला त्यानं जाळीकडे बघितलंच नाही. आधी बुडबुडा मधोमध आणला, तो थांबेपर्यंत थांबला, स्क्रू आवळले, मग लेन्स वर सरकवली. काचेत इमारत आली. केवढी वाकडी होती ती! उजव्या खांद्यावर झोळी घेतलेल्या माणसासारखी, सवयीनं, आरामात कललेली. आयुष्यात पहिल्यांदा तो आपलं घर बघत होता.

वर खिडकी उघडली. ताईनं आकड्यावर दोरी टाकली आणि टोपली खाली यायला लागली, हेलकावे घेत, आत तिची जुनी लोखंडी इस्त्री. कमरेच्या उंचीवर आल्यावर तो "बस्स!" म्हणून ओरडला. टोपली डावीउजवीकडे झोके घेत राहिली. सगळ्यांचे डोळे तिच्यावर. कुणी पुढे होऊन धरायला गेलं तर बाई ओरडल्या, "हात लावू नका!" झोके लहान होत गेले. एका टोकाला टोपली कोपरा उडालेल्या विटेच्या डावीकडे जाई, दुसऱ्या टोकाला पुढच्या विटेवर, आणि प्रत्येक वेळी ओळंब्याचं काळीज तिच्यासोबत जात होतं. पुढच्या विटेवर थांबली तर संपलं. त्यानं लहानपणापासून कधी देवाला काही मागितलं नव्हतं, आता त्यानं त्या इस्त्रीला मागितलं. मग टोपली थांबली. बाई तीन ढांगांत रस्ता ओलांडून त्याच्यापाशी आल्या आणि त्याला बाजूला सारून त्यांनी काचेत डोळा लावला. मग कागदावर पाहिलं. पुन्हा काचेत. मग परत रस्ता ओलांडून त्यांनी भिंतीपाशी सांधा बोटानं वरून खाली मोजत आणला, टेप लावली. फोटोवर भिंग धरून ओळी मोजल्या, पुटपुटत, दोनदा. "सतरा सेंटिमीटर," त्या म्हणाल्या. "पाऊण वीट. फोटोतही पाऊण वीट." त्यांनी साहेबांकडे मान वळवली, आणि त्या मोजक्या बोलणाऱ्या बाईंच्या आवाजात हसू फुटलेलं सगळ्यांनी ऐकलं. "साहेब, ही बांधली तेव्हाच एका बाजूला बसली असणार, आणि बसली ती बसली. एकोणीस वर्षांत तसूभरही हललेली नाही."

त्यानंतर काय आरडाओरडा झाला तो विचारू नका. साहेबांनी तिथंच उभ्यानं नोटिशीवर लिहिलं, आदेश मागे, भेगांवर काचपट्ट्या बसवून, म्हणजे भेग वाढली तर त्या तडकतील, वर्षभर लक्ष ठेवावं, आणि खाली बाईंनी सही केली. घरचा भेदी म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांनी ओळंब्याच्या पाठीत असा धपाटा घातला की कॅमेरा हलला. "माझं पुस्तक गेलं आता बोंबलत," तो हसत म्हणाला, आणि म्हणताना लक्षात आलं की दोन्ही गालांनी हसतोय. अंगात वारं शिरल्यासारखं त्याला हलकं वाटत होतं. काय गेलं? एक फोटो गेला, एक टोपणनाव गेलं. मुखपृष्ठ आजचं घालू, त्यानं मनाशी ठरवून टाकलं, आणि छापणाऱ्यानं सरळ करून मागितलं तर पुस्तकच काढून घेऊ. तेवढ्यात टोपली वर गेलेली त्याला दिसली. ती पुन्हा खाली यायला लागली तेव्हा तिच्यात इस्त्री नव्हती, थर्मास होता. "चहा घे आधी!" वरून ताईचा आवाज आला. तो रस्ता ओलांडून गेला, टोपलीतून थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि तोंडाला लावला. ओठ चटकन भाजला. डाव्या बाजूला, चांगलाच.

टोपली तिथंच राहू दे, असं हातानं खुणावून तो कॅमेऱ्यामागे गेला. खिडक्या खिडक्यांत माणसं आली होती, गॅलऱ्यांत पोरंटोरं, कमानीत दिव्याखाली इंजिनिअरबाई, आणि तिसऱ्या मजल्यावर ताई, गळ्यात टेप. बुडबुडा मधोमध होता. दोरी काचेतल्या जाळीच्या रेघेवर अशी बसली होती की दोन रेघा आहेत हे कळू नये, आणि तिच्यामागे बावीस बिऱ्हाडं घेऊन ते घर मजेत कललेलं होतं. त्यानं बटण दाबलं.

"आला का रे सरळ?" ताईनं वरून विचारलं.

"नाही!" तो सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला. "वाकडा आलाय, ताई! अगदी आहे तेवढाच!"